'आज उडायचं नाही' म्हणणारा माणूस

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आपल्या स्टँडसमोर एक फ्लेक्स लागला. पर्यटन महोत्सव, तीन दिवस, खाऊगल्ली, ऑर्केस्ट्रा, आणि खाली ठळक अक्षरात 'हॉट एअर बलून राईड'. त्याच संध्याकाळी पुतणीचा फोन आला. "काका, आम्ही पाच मैत्रिणी जाणार आहोत. पप्पा म्हणाले, आधी काकाला विचार. सेफ असतं ना?"

"हो, जा" म्हणायला मला दोन सेकंद लागले असते. बातमीदारीत वीस वर्षं गेली, त्यामुळे माहीत नसलेल्या विषयावर बोलायची सवय अंगात मुरलेली आहे. पण पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. म्हटलं, दोन दिवस दे. ते दोन दिवस पुढं दहा झाले. बलूनचा इतिहास वाचला, परदेशातल्या मोठ्या अपघातांचे तपास काय सांगतात ते वाचलं. वाचता वाचता मला आपल्याच तालुक्यातला एक वडापवाला आठवला. तो कसा, ते पुढं येईल.

आधी बलून चालतो कसा ते बघू, म्हणजे पुढचं नीट कळेल.

नायलॉनचा भलामोठा फुगा, खाली वेताची टोपली, टोपलीत प्रोपेन गॅसच्या टाक्या आणि डोक्यावर बर्नर. बर्नर पेटवला की आतली हवा तापते, हलकी होते आणि फुगा वर जातो. वर टोकाला एक झडप असते. दोरी ओढली की ती उघडते, गरम हवा बाहेर पडते आणि फुगा खाली येतो. संपलं. याच्यापलीकडं पायलटच्या हातात काहीच नाही. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, रिव्हर्स गिअर नाही. फुगा वारा नेईल तिकडं जातो. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा वेगळी असते, म्हणून चांगला पायलट थोडा वर जाऊन, थोडा खाली येऊन आपल्याला हवा तो वारा पकडतो. एवढीच काय ती चालवण्याची कला.

दुसरी गोष्ट वजनाची. पंधरा-वीस माणसं नेणाऱ्या फुग्यात दहा हजार घनमीटरच्या आसपास हवा मावते. एक घनमीटर हवेचं वजन साधारण सव्वा किलो. तापलेली हवा हलकी असते, तरी सगळी मिळून नऊ टनांच्या घरात जाते. दिसायला फुगा, पण वजनाला भरलेला ट्रक. त्यामुळं बर्नर आत्ता पेटवला तरी फुगा लगेच ऐकत नाही, काही सेकंद जातात. उतरताना समोर अचानक झाड किंवा तारा दिसल्या, तर ते काही सेकंदच सगळं ठरवतात.

म्हणून माणसं जखमी होतात ती बहुतेक करून उतरताना. वारा जास्त असला की टोपली जमिनीला लागते, आडवी होते आणि फरफटत जाते. म्हणून जाणते पायलट पहाटे उडतात. ऊन चढलं की जमीन तापते, हवा खालीवर व्हायला लागते आणि वारा सुटतो. सकाळी सहाला जे सोपं असतं ते दहाला जिवावर बेतू शकतं.

आता इतिहास.

21 नोव्हेंबर 1783. पॅरिस. माँगोल्फिए बंधूंनी बनवलेल्या कापड आणि कागदाच्या फुग्यातून दोन माणसं पहिल्यांदा मोकळ्या आकाशात उडाली. पिलात्र द रोझिए आणि मार्कि दार्लांद. त्याच्या दोन महिने आधी मेंढी, बदक आणि कोंबडा पाठवून बघितलं होतं. माणूस पाठवायची वेळ आली तेव्हा राजाचा विचार होता की शिक्षा झालेले दोन कैदी बसवावेत, मेले तर मेले. पिलात्रनं विरोध केला. आकाशात जाणाऱ्या पहिल्या माणसाचा मान गुन्हेगाराला कशाला, असं त्याचं म्हणणं. हे दोघं साधारण 25 मिनिटं उडाले. टोपलीतच गवताचा जाळ पेटवलेला, त्याच्या ठिणग्यांनी कापडाला भोकं पडत होती आणि दार्लांद ओल्या स्पंजानं ती विझवत होता. तरी दोघं सुखरूप उतरले.

आणि हाच पिलात्र हवाई अपघातात मेलेला पहिला माणूस ठरला. पहिला उडालेला तोच, पहिला मेलेला तोच. दोन वर्षंसुद्धा मधे गेली नाहीत.

झालं असं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधली खाडी हवेतून ओलांडायची, असं त्यानं जाहीर केलं होतं. सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला होता. पण 7 जानेवारी 1785 ला ब्लांशार आणि जेफ्रीज या दोघांनी डोव्हरहून निघून त्याच्या आधीच खाडी ओलांडली. फुगा समुद्रात पडू नये म्हणून त्यांनी टोपलीतलं सगळं सामान, शेवटी अंगावरचे कपडेसुद्धा फेकून दिले, पण पोचले. त्यांचं कौतुक झालं, राजाकडून पेन्शन मिळाली. पिलात्र मात्र फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाऱ्याची वाट बघत महिनोन्महिने बसून राहिला. त्याला उलट्या बाजूनं, फ्रान्सकडून इंग्लंडला जायचं होतं आणि वारा साथ देत नव्हता. फुगाही त्यानं वेगळा बनवला होता: वर हायड्रोजन, खाली गरम हवा. हायड्रोजनच्या खाली जाळ! धोका कुणालाही दिसण्यासारखा होता.

15 जून 1785 च्या सकाळी तो निघाला. सोबत पिएर रोमँ. थोडं अंतर गेल्यावर वारा फिरला, फुगा परत जमिनीकडं ढकलला गेला आणि अचानक त्यातली हवा गेली. साधारण 450 मीटरवरून दोघं विमरो गावाजवळ पडले. पिलात्रचं वय 31.

आता तुम्हीच सांगा, तो कशामुळं मेला? हायड्रोजनमुळं? वाऱ्यामुळं? तांत्रिक उत्तर ते असेल. पण मला त्या किनाऱ्यावर थांबलेला माणूस दिसतो. पैसे घेतलेत, नाव जाहीर झालंय, दुसरा कुणीतरी पुढं निघून गेलाय, लोक विचारतायत, "काय साहेब, कधी?" अशा माणसाच्या तोंडातून "जमणार नाही, रद्द" हे शब्द निघणं किती अवघड असेल!

पुढची 34 वर्षं सोडून 1819 ला या. त्याच खाडी ओलांडणाऱ्या ब्लांशारची बायको सोफी. नवरा गेल्यावर तिनं स्वतः उड्डाणं सुरू ठेवली, स्त्रियांमधली पहिली व्यावसायिक बलूनिस्ट. तिचा फुगा हायड्रोजनचा. पॅरिसच्या तिव्होली बागेत रात्री उडायचं आणि टोपलीतून आतषबाजी उडवायची, हा तिचा गाजलेला कार्यक्रम. 6 जुलै 1819 ला फुग्यानं पेट घेतला. ती एका घराच्या छपरावर आदळली आणि तिथून रस्त्यावर पडून मेली. खाली गर्दी होती. वरचा उजेड बघून काही लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

गर्दीला दोष देत नाही. गर्दीला काय कळणार? पण तिकीट काढून आलेली गर्दी ही बलूनच्या इतिहासात पहिल्यापासून आहे, आणि पायलटच्या निर्णयावर तिचा भार पहिल्यापासून आहे.

गरम हवेचे फुगे मधे बराच काळ मागं पडले होते. आजचा प्रकार सुरू झाला तो 22 ऑक्टोबर 1960 ला, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. एड योस्टनं नायलॉनचा फुगा आणि प्रोपेनचा बर्नर वापरून उड्डाण केलं. गवत जाळायची भानगड संपली, ज्योत हातात आली. त्यातून खेळ वाढला, मग पर्यटन वाढलं, टोपल्या मोठ्या झाल्या. पूर्वी पायलटच्या चुकीत तो आणि त्याचा सोबती जायचे, आता एका निर्णयाला वीस-वीस माणसं बांधली गेली.

गेल्या पंधरा वर्षांतले चार अपघात सांगतो.

पहिला न्यूझीलंडचा. 7 जानेवारी 2012, कार्टरटन. छान सकाळ, वारा कमी, दहा प्रवासी आणि एक अनुभवी पायलट. उतरायची वेळ झाली तेव्हा फुगा शेतावरून खाली, विजेच्या तारांच्या उंचीच्याही खाली होता आणि वारा त्याला तारांकडं नेत होता. 33 हजार व्होल्टची लाइन. पायलटला तारा दिसल्या तेव्हा त्याच्यापुढं दोन पर्याय होते. एक, वरची झडप पूर्ण उघडून फुगा धाडकन खाली बसवायचा. टोपली आपटेल, हातपाय मोडतील, फुग्याचं कापड तारांना लागेल, पण माणसं बहुधा वाचतील. दुसरा, बर्नर पेटवून तारांवरून वर जायचं. त्यानं दुसरा निवडला. पण एवढं जड धूड लगेच ऐकत नाही. टोपली तारांत अडकली, ठिणग्या उडाल्या, आग लागली, तारा तुटल्यावर जळता फुगा वर गेला आणि कोसळला. अकराच्या अकरा गेले.

तपासात पायलटच्या रक्तात गांजाचा अंश सापडला. त्याच्या निर्णयक्षमतेवर त्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं तपास यंत्रणेनं म्हटलं. ते गंभीर आहेच. पण मला दुसरी गोष्ट जास्त खटकली. बलूनच्या प्रशिक्षणात शिकवतात की तारा टळत नसतील तर खाली जा, वर नाही. तारा फुग्याच्या कापडाला लागलेल्या परवडल्या, टोपलीला लागलेल्या नाही. नियम माहीत असतो. पण त्या क्षणी मन म्हणतं, थोडं वर गेलं की सगळंच वाचेल, कुणाला खरचटणारही नाही. थोडं नुकसान पत्करायची तयारी नसते, म्हणून सगळं जातं.

दुसरा इजिप्तचा. 26 फेब्रुवारी 2013, लक्सर. जगातला सगळ्यात मोठा बलून अपघात. 21 जण होते, 19 गेले. फुगा जवळजवळ उतरला होता, जमिनीवरच्या माणसांनी दोर धरला होता. तेवढ्यात इंधनाच्या नळीतून गॅस गळून आग लागली. भाजलेला पायलट बाहेर पडला, एक प्रवासीही बाहेर पडला. हे दोघंच वाचले. माणसं उतरल्यानं टोपली हलकी झाली, त्यात आगीनं आतली हवा आणखी तापली आणि फुगा उरलेल्यांना घेऊन शेकडो फूट वर गेला. तिथून कोसळला.

तिसरा ब्राझीलचा, अगदी अलीकडचा. 21 जून 2025, प्राया ग्रांदे. 21 जण. हवेत टोपलीला आग लागली. पायलटनं फुगा जमिनीजवळ आणला आणि उड्या मारा म्हणून सांगितलं. पायलट धरून 13 जण बाहेर पडले. पण तेरा माणसांचं वजन कमी झाल्यावर फुगा पुन्हा वर गेला. आत राहिलेले आठ जण मेले.

या दोन्ही ठिकाणी पायलटनं काय करायला हवं होतं, ते इथं पंख्याखाली बसून सांगायचा अधिकार मला नाही. अंग पेटलेलं असताना माणूस काय करेल, हे कुणी सांगावं? पण प्रवाशानं एक गोष्ट यातून लक्षात ठेवावी. बलूनमधलं प्रत्येक माणूस हे वजन असतं. टोपली जमिनीला लागली म्हणून सेल्फीसाठी कुणी आधीच खाली उडी मारली, तर उरलेले वर जातात. म्हणून पायलटनं सांगितल्याशिवाय टोपली सोडायची नाही, हा पहिला नियम.

चौथा अपघात टेक्सासचा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 30 जुलै 2016, लॉकहार्ट गावाजवळ. सकाळी सातच्या सुमारास 15 प्रवासी घेऊन फुगा उडाला आणि पाऊण तासानं उच्चदाबाच्या तारांत जाऊन पेटला. सोळाही जण गेले. अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा बलून अपघात.

त्या सकाळी खाली ढग आणि धुकं होतं. उडण्याआधी पायलटनं हवामानाची माहिती फोनवरून घेतली होती. समोरच्यानं ढगांची कल्पना दिली. त्यावर पायलटचं उत्तर असं होतं की आम्ही मधली मोकळी जागा शोधतो आणि जातो. फोनवरचं हे बोलणं पुढं तपासात बाहेर आलं. प्रवाशांच्या कॅमेऱ्यातले फोटो मिळाले, त्यात फुगा ढगांच्या वर आहे आणि खाली जमीन दिसत नाही. वरून दृश्य फार सुंदर दिसत असणार. पण बलूनला कधी ना कधी खाली यावंच लागतं. ढगातून खाली येताना तारा दिसायचं कारणच नव्हतं.

अमेरिकेच्या वाहतूक अपघात तपास संस्थेनं, म्हणजे एनटीएसबीनं, 2017 मध्ये निष्कर्ष दिला. कारण म्हणून त्यांनी पायलटच्या चुकीच्या निर्णयांची मालिका सांगितली: उडण्याचा निर्णय, धुक्यात आणि ढगांच्या वर उडत राहण्याचा निर्णय, ढगातून किंवा ढगांजवळून खाली येण्याचा निर्णय. तारांना धडक हा त्या मालिकेचा शेवट. त्या सकाळी जमिनीवर "आज नको" एवढे दोन शब्द निघाले असते, तर पुढचा एकही निर्णय घ्यावाच लागला नसता.

यात सरकारचाही वाटा आहे. पायलटला नैराश्यासह काही आजार होते आणि गुंगी आणणारी औषधं चालू होती. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला शिक्षाही झाल्या होत्या. विमानाच्या व्यावसायिक पायलटला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, बलूनच्या पायलटला अमेरिकेत तेव्हा लागत नव्हतं. बलून कंपन्यांवर देखरेख वाढवा, असं एनटीएसबीनं 2014 मध्येच सुचवलं होतं. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या एफएएनं ते गरजेचं मानलं नाही. दोन वर्षांनी सोळा माणसं गेली. 2018 मध्ये कायद्यात तरतूद झाली आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं करणारा नियम आला नोव्हेंबर 2022 मध्ये. अपघातानंतर सहा वर्षांनी. हे असं फक्त आपल्याकडंच होतं, असा समज असेल तर काढून टाका.

आता तो वडापवाला.

मी नवीन होतो, डिप्लोमा करून नुकताच तालुक्याच्या बातम्या द्यायला लागलो होतो. पावसाळ्याचे दिवस. एका गावात पंचायतीचं काहीतरी भांडण पेटलं होतं, तिथं पोचायचं होतं. वडापच्या जीपमध्ये आम्ही तेरा-चौदा जण कोंबलेले. वाटेत ओढ्यावर फरशी पूल. पाणी फरशीवरून वाहत होतं, फार नाही, गुडघ्याला लागेल एवढं. ड्रायव्हर मामांनी गाडी थांबवली. खाली उतरले, काठावर दोन मिनिटं उभं राहून पाणी बघितलं, परत येऊन म्हणाले, "आज जायचं नाय. परत फिरतो."

गाडीत जो गलका झाला! कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणाला दवाखान्यात. एकजण म्हणाला, "एवढ्याशा पाण्याला भ्यायलास व्हय?" सगळ्यात जास्त आवाज कुणाचा असेल तर माझा. मला बातमी गाठायची होती ना! आम्ही भांडत असतानाच मागून दुसरी जीप आली आणि आमच्या शेजारून पाण्यात घुसली. डुचमळत डुचमळत पलीकडं गेलीसुद्धा. पलीकडून त्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून आम्हाला वाकुल्या दाखवल्या. मी मामांना म्हणालो, "बघा, गेला की तो!"

मामा गाडी वळवत म्हणाले, "गेला म्हंजे बरोबर हुता आसं नाय."

त्यांनी आमचे पैसे परत दिले. त्यांची ती फेरी फुकट गेली, डिझेल गेलं, वर शिव्या मिळाल्या. पुढं कित्येक दिवस स्टँडवर त्यांना लोक चिडवायचे. मी त्यांची माफी मागितली नाही. तेव्हा मला त्यांचं वाक्यच कळलं नव्हतं. टेक्सासच्या पायलटबद्दल वाचताना ते कळलं. मोकळी जागा शोधतो आणि जातो, असं माणूस कधी म्हणतो? आधी तसं करून निभावलेलं असतं तेव्हा. प्रत्येक निभावलेल्या वेळेला त्यानं आपली हुशारी समजायचं आणि आपण त्याला वाघ म्हणायचं. मामांसारखा परत फिरणारा मात्र भित्रा. तो बरोबर होता हे सिद्ध कसं होणार? न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही. मी स्वतः वीस वर्षांत अशी एकही बातमी दिलेली नाही.

आपल्याकडचं बघू.

महाराष्ट्राचं नाव बलूनच्या इतिहासात मोठं आहे, हे पोरांना माहीत नसतं. 26 नोव्हेंबर 2005 ला विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या बलूनमधून उडाले आणि 21 हजार 27 मीटरवर पोचले. जागतिक विक्रम. वय 67. हवाबंद केबिन, मोठी टीम, सगळी तयारी. आणि उतरले कुठं? नाशिक जिल्ह्यातल्या पांचाळे गावाच्या शिवारात. एवढ्या उंचीवर जाणारा माणूससुद्धा शेवटी कुणाच्या तरी रानातच उतरतो.

पण तसली तयारी वेगळी आणि महोत्सवातला बलून वेगळा. "आमचा तर दोरानं बांधलेला असतो, वर जाऊन खाली येतो, त्यात काय धोका," असं आयोजक म्हणतात. 10 एप्रिल 2025 ला राजस्थानात बारां जिल्ह्याच्या स्थापना दिनाच्या महोत्सवात असाच बलून सकाळी तयार करताना एकदम झटक्यानं वर गेला. दोर धरलेला एक कर्मचारी त्याच्यासोबत उचलला गेला. दोर तुटला आणि तो खाली पडून मेला. आपल्यासारखंच छोटं शहर, आपल्यासारखाच महोत्सव. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यात मुख्यमंत्री मोहन यादव बलूनमध्ये चढले असताना खालच्या भागानं पेट घेतला. वारा जास्त होता, त्यामुळं बलून उडालाच नाही. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. सुरक्षेत काही चूक नव्हती, असं प्रशासनाचं म्हणणं. असेल. पण वारा मुख्यमंत्र्यांनाही ओळखत नाही, एवढं त्यातून दिसलं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1934 च्या विमान कायद्यातच विमानाच्या व्याख्येत बलून धरलेला आहे, बांधलेला असो वा मोकळा. 2025 च्या सुरुवातीपासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमानं घेतली. म्हणजे बलून हा पाळण्यासारखा जत्रेतला खेळ नाही, तो डीजीसीएच्या अखत्यारीत येतो. पायलटला परवाना लागतो. मंडपवाल्याच्या परवानगीत त्याची परवानगी येत नाही.

दहा दिवसांनी पुतणीला फोन केला. म्हटलं, जायला हरकत नाही. जगभरात रोज हजारो माणसं बलूनमधून फिरून सुखरूप घरी जातात. पण आधी काही प्रश्न विचार. पायलटचा परवाना कुठला? सध्या वारा किती आहे आणि तो कुणी मोजला? टोपलीत कसं उभं राहायचं, उतरताना गुडघे वाकवून कुठं धरायचं, हे उडायच्या आधी सांगणार का? उड्डाण रद्द झालं तर पैसे परत का? आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: तुम्ही याआधी उड्डाण शेवटचं कधी रद्द केलं?

पोरगी हुशार. तिनं फ्लेक्सवरच्या नंबरवर फोन लावून सगळं विचारलं. पलीकडचा मुलगा उत्साहात म्हणाला, "कॅन्सल? आपलं कधीच कॅन्सल होत नाही ताई! शंभर टक्के उडतं."

त्याला वाटलं, तो खात्री देतोय. पुतणीनं मला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "काका, हे उत्तर चांगलं की वाईट?" तिनं विचारलं यातच सगळं आलं.

परवा आयोजकांच्या बैठकीला पत्रकार म्हणून बोलावणं होतं. मी एकच मागणी केली. फ्लेक्सवर आणि तिकिटावर एक ओळ छापा: "वारा जास्त असल्यास राईड होणार नाही, पैसे पूर्ण परत मिळतील." आणि रद्द करायचा अधिकार फक्त पायलटचा. नगराध्यक्ष आले असले, पाहुणे ताटकळले असले, रांग गेटपर्यंत गेली असली, तरी त्याला कुणी "एक फेरी तरी मारा हो" म्हणायचं नाही. ही ओळ पायलटसाठी आहे. ती आधीच छापलेली असली की "आज उडायचं नाही" म्हणताना त्याला एकट्याला सगळ्यांच्या तोंडाला तोंड द्यावं लागत नाही.

एकजण म्हणाला, "असं छापलं तर तिकिटं खपणार नाहीत." दुसरा म्हणाला, "बघू." बैठक तिथंच संपली.

महोत्सवाला अजून काही दिवस आहेत. ही पोस्ट आयोजकही वाचतील, त्यांच्यातले बरेच मित्र आहेत. ओळ छापली गेली तर मी स्वतः रांगेत उभा राहून तिकीट काढणार. आणि त्या दिवशी राईड रद्द झाली, तर कृपा करून पायलटला शिव्या देऊ नका. मी एकदा दिल्या आहेत. मामा आता नाहीत, म्हणून इथं लिहितोय.